चर्मप्रवाळ

आंतरगुही संघातील चामट, मांसल मऊ प्रवाळ. त्यांना दगडी प्रवाळांसारखा अखंड सांगाडा नसतो. चुनखडीच्या सूक्ष्म कंटिका ऊतकात विखुरलेल्या असतात. प्रत्येक पॉलिपला पिसांसारखे आठ संस्पर्शक असतात. भारतात ते लक्षद्वीप, मन्नारचे आखात व अंदमान-निकोबार येथे आढळतात. अहिल्यानगरसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात ते पाळायचे, तर शुद्ध पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ राखावे लागते.

ओळख : घरगुती टाकीत तीन प्रजातींची गल्लत होते. सार्कोफायटॉनला (लेसन, १८३४) स्पष्ट देठ व अळंबीसारखी टोपी असते. लोबोफायटम (मारेनझेलर, १८८६) बुटके असून माथ्यावर बोटांसारखे उंचवटे किंवा वरंबे असतात. सिन्युलॅरिया (मे, १८९८) बहुधा फांद्यांची वा बोटांची असते. मात्र उजेड व प्रवाहानुसार आकार बदलतो, म्हणून भिंगाने पृष्ठभाग पाहावा. पहिल्या दोहोंत मोठ्या पॉलिपांमध्ये संस्पर्शक नसलेल्या बारीक पॉलिपांचे ठिपके दिसतात; सिन्युलॅरियात एकाच प्रकारचे पॉलिप असतात. पॉलिप मिटून पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा आला, तरी तो रोगच असतो असे नाही; वसाहत अधूनमधून अशी कात टाकते.

जाती ठरविण्यासाठी टोपी व देठ यांचे तुकडे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये विरघळवून उरलेल्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सार्कोफायटॉन ग्लॉकम या नावाखाली अनेक जाती दडल्याचे जनुकीय अभ्यासांतून दिसल्याने टाकीतील नमुन्याची नोंद प्रजातीपर्यंतच करणे इष्ट ठरते.