दप्तर करोल बागेपाशी, काम शिवारात

दिल्लीच्या करोल बागेतून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याचे नाव पुसा रोड असे आहे. पुसा हे गाव मात्र दिल्लीतले नाही, ते बिहारमधले. १९०५ साली तेथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात तिच्या इमारतीची मोठी हानी झाली आणि १९३६ साली संस्था दिल्लीला हलविण्यात आली. संस्थेबरोबर गावाचे नावही आले आणि ते करोल बागेच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण परिसराला कायमचे चिकटले.

याच परिसरात १९५५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचा संख्याशास्त्र विभाग मुक्कामाला आला. पुढे त्याचीच स्वतंत्र संस्था झाली. तिच्या दालनांत आकडेमोड चाले. परंतु ते आकडे जेथे जन्म घेत, ती ठिकाणे शेकडो मैल दूर होती. कोणीतरी कचेरी सोडून, एस.टी.ने, सायकलीने किंवा पायी, एखाद्या अनोळखी शिवारात जात असे. तेथे दोरी ताणून पीक कापत असे. धान्य तोलून आकडा लिहीत असे आणि तो आकडा टपालाने वर पाठवीत असे. त्याच्या कामावर देखरेख करणारा वरिष्ठ बहुतेक वेळा तेथे हजर नसे.

२०२० च्या महासाथीनंतर कार्यालयापासून दूर राहून काम करण्याची चर्चा घरोघर झाली. त्या चर्चेतला कळीचा प्रश्न एकच होता: जो माणूस डोळ्यांसमोर नाही, त्याच्या कामावर विश्वास कसा ठेवावा? भारतीय कृषी संख्याशास्त्राने या प्रश्नाशी ऐंशी वर्षांपूर्वीच झुंज घेतली होती. त्या झुंजीत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत: पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे.

त्याआधीची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. ती म्हणजे आणेवारी. सर्वसाधारण चांगले पीक म्हणजे अमुक आणे असे धरावयाचे आणि यंदाचे पीक पाहून ते किती आणे उतरेल, हे गावकामगाराने नजरेने ठरवावयाचे. आणेवारीची पुढे पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या आत-बाहेरचा तो आकडा आजही गावोगाव वादाचा विषय होतो. या पद्धतीत अनुभवाला वाव होता, पण पडताळ्याला नव्हता. दोन जाणत्या माणसांनी एकच शेत पाहिले, तरी त्यांचे आणे जुळतीलच असे नसे. साऱ्याची सूट, गावातले हितसंबंध, वरिष्ठांची अपेक्षा या सर्वांचा भार त्या एका नजरेवर पडे. शिवाय अशा अंदाजांत किती चूक आहे, हे मोजण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

१९४० च्या दशकात ही उणीव जीवघेणी ठरू लागली. युद्ध, महागाई, शिधावाटप आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ. त्या दुष्काळाची कारणमीमांसा आजही वादग्रस्त आहे. धान्य मुळात कमी होते की ते गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले होते, यावर अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले. परंतु देशात धान्य किती पिकले, याचे भरवशाचे उत्तर सरकारपाशी नव्हते, हे त्या काळात लपून राहिले नाही.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. जेर्झी नेमन यांनी १९३४ साली नमुना निवडीचा जो पाया घातला होता, त्यावर तरुण सुखात्मे यांनी लगोलग काम केले. १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पानसे यांची जडणघडण इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत, कापसाच्या संशोधनात झाली होती. त्यांनी आर. जे. कळमकर यांच्यासमवेत मध्यप्रांत-वऱ्हाडात कापसाच्या उत्पादनाचा अंदाज नमुना पद्धतीने बांधण्याचे आरंभीचे प्रयोग केले. म्हणजे ज्या वऱ्हाडी शिवारांत आणेवारीचा अंमल होता, तेथेच तिला पर्याय देणारी मोजणीही आकाराला येत होती.

या मोजणीचे नाव पीक कापणी प्रयोग. तिची युक्ती समजून घेतली पाहिजे, कारण दूरच्या माणसावर विश्वास ठेवण्याचे सारे शास्त्र तिच्यात आहे.

तालुका हा एक स्तर मानावयाचा. त्या स्तरातून काही गावे निवडावयाची. निवड कोणाच्या मर्जीने नव्हे, तर यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून. निवडलेल्या गावात ते पीक असलेली दोन शेते, तीही सर्वे क्रमांकांतून त्याच पद्धतीने. शेतावर पोहोचलेल्या कर्मचाऱ्याने नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहावयाचे. त्याच्या हातातील कागदावर दोन आकडे असतात: इतकी पावले लांबीच्या दिशेने आणि इतकी रुंदीच्या दिशेने. जेथे पाऊल थांबेल तेथे खुंटी ठोकावयाची. तेथून ठरावीक मापाचा काटकोन चौकोन आखावयाचा, त्यातले सगळे पीक कापावयाचे, मळावयाचे, उफणावयाचे आणि तोलावयाचे. काही धान्य वाळवून पुन्हा तोलावयाचे, म्हणजे ओलाव्याची घट कळते.

या सर्व पायऱ्यांत कर्मचाऱ्याच्या पसंतीला मुद्दाम जागा ठेवलेली नाही. रस्त्यालगतचे शेत सोयीचे असते, ओळखीच्या पाटलाचे शेत सुखाचे असते, डोलणारे पीक मोहात पाडते. अंकांचा तक्ता या तिन्ही मोहांपासून त्याला दूर ठेवतो. शिवारात जाण्यापूर्वीच महत्त्वाचे निर्णय झालेले असतात आणि शिवारात उरते ते प्रामाणिक श्रमाचे काम. याशिवाय या पद्धतीची मोठी देणगी अशी, की अंदाजाबरोबरच त्या अंदाजातील संभाव्य चुकीचा आकडाही काढता येतो. आणेवारीला हे कधीच साधले नव्हते.

तरीही एक प्रश्न उरला आणि त्यावरून भारतीय संख्याशास्त्रातील एक गाजलेला वाद झडला. शिवारात जाणारा माणूस कोण असावा आणि त्याने केवढा तुकडा कापावा?

कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालच्या तागाची पाहणी हाती घेतली होती. त्यांचे उत्तर होते स्वतंत्र, प्रशिक्षित, फिरती पथके. पथक कायम प्रवासात असल्याने प्रवासाचा वेळ हाच खर्चाचा मोठा भाग होता, आणि महालनोबिस यांनी त्याचेही गणित मांडले. एका प्रदेशात विखुरलेल्या ठिकाणांना जोडणारी वाट ठिकाणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. ती साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्याच प्रदेशात चौपट ठिकाणे घेतली, तर चाल सुमारे दुप्पट होते. म्हणून थोड्या वेळात पुष्कळ ठिकाणी जावे आणि प्रत्येक ठिकाणी लहानसे वर्तुळ कापावे, हे त्यांच्या पद्धतीला सोयीचे होते. पथकांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी आणखी एक तोड काढली: नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करून ते दोन वेगळ्या पथकांना द्यावयाचे. दोघांचे आकडे फार वेगळे आले, तर कोठेतरी मानवी चूक आहे हे उघड होते.

सुखात्मे आणि पानसे यांचे उत्तर निराळे होते. प्रत्येक गावाच्या जवळपास महसूल किंवा कृषी खात्याचा माणूस आधीच आहे. त्याला शेते माहीत आहेत, कापणीचा दिवस माहीत आहे. त्यालाच प्रशिक्षण द्यावे, वर पर्यवेक्षक नेमावा, आणि कापावयाचा तुकडा पुरेसा मोठा ठेवावा. लहान तुकड्यावर त्यांचा आक्षेप गंभीर होता. १९४६ साली सुखात्मे यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की अगदी लहान तुकड्यांतून काढलेले उत्पादन वास्तवापेक्षा जास्त येते.

याचे कारण कोणालाही पटेल असे आहे. दोरीच्या रेषेवर उभे असलेले ताट आतले की बाहेरचे? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात प्रत्येक चौरस फुटामागे कडेची लांबी एक फूट येते. ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद तुकड्यात ती जेमतेम ०.१८ फूट असते. कड जितकी जास्त, तितका संशय जास्त. पुढचा हिशेब याहून बोलका आहे. त्या लहान वर्तुळाचे उत्पादन एकरावर न्यावयाचे, तर त्याला सुमारे ३,४६६ ने गुणावे लागते. कडेवरचे २० ग्रॅम धान्य चुकून आत आले, तर एकरी अंदाज जवळजवळ ६९ किलोंनी फुगतो. मोठ्या तुकड्यात गुणक ८० आहे; तेथे तीच चूक एकरी दीड किलोच्या आसपास राहते.

महालनोबिस यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. प्रशिक्षित पथकाच्या हातून कडेची चूक आटोक्यात राहते, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय, कामाच्या ओझ्याखाली दबलेला गावकामगार हा प्रयोग वेळेवर आणि मन लावून करील, याची हमी कोण देणार, हा प्रश्न रास्तच होता. फिरत्या पथकाला गावात हितसंबंध नसतात, पण त्याला कापणीचा नेमका दिवस साधत नाही. स्थानिक माणसाला दिवस साधतो, पण त्याच्याभोवती गाव असते. प्रत्येक पर्यायाबरोबर त्याची स्वतःची जोखीम येत होती.

पुढे राज्यांच्या अधिकृत अंदाजांसाठी स्थानिक कर्मचारी आणि मोठा तुकडा ही पद्धत रूढ झाली; आज अनेक पिकांसाठी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा वापरतात. १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या निमित्ताने फिरत्या अन्वेषकांची परंपराही देशभर रुजली. १९७३-७४ पासून पीक आकडेवारी सुधारणा योजनेत या दोन्ही परंपरा एका शेतात भेटल्या: कापणी स्थानिक कर्मचाऱ्याने करावयाची आणि निवडक प्रयोगांच्या वेळी बाहेरच्या पर्यवेक्षकाने बांधावर उभे राहून ती पाहावयाची.

सुखात्मे १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले. दिल्लीतील धुरा पानसे यांनी सांभाळली. १९५४ साली दोघांनी कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे इंग्रजी पुस्तक परिषदेने प्रसिद्ध केले आणि ते विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. १९६४ साली पुसा परिसरातील संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक बसला. आकडेमोडीचा वेग त्याने बदलला. शिवारातील दोरीची जागा मात्र तो घेऊ शकत नव्हता.

ती दोरी आज अधिक मोलाची झाली आहे. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरविताना त्या विमा घटकातील सरासरी उत्पादन पाहिले जाते, आणि ते काढण्याचा मुख्य आधार पीक कापणी प्रयोग हाच राहिला आहे. घटकातले मोजके तुकडे हजारो शेतकऱ्यांच्या वतीने साक्ष देतात. ज्याच्या शेतात प्रयोग झाला नाही, त्याच्या खात्यातली रक्कमही त्या साक्षीवर ठरते. चार खुंट्यांपैकी एक जरा बाहेर ठोकली गेली, जरा बरे पीक पाहून जागा बदलली गेली, किंवा कचेरीत बसूनच आकडा भरला गेला, तर फटका संपूर्ण मंडळाला बसू शकतो.

म्हणून आता मोबाइल अ‍ॅपवर छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश नोंदवले जातात. उपग्रहांच्या प्रतिमांचाही आधार घेतला जातो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पेऱ्याची नोंद स्वतः करू लागला. ही साधने उपयुक्त आहेत. कर्मचारी त्या दिवशी त्या बांधावर होता, एवढे ती निश्चित सांगतात. पण पावले अंकांप्रमाणे मोजली गेली का, दोरी ताणलेली होती का, कडेवरचे ताट नियमाप्रमाणे आत किंवा बाहेर धरले का, हे अक्षांश-रेखांश सांगत नाहीत. त्यासाठी नियम स्पष्ट असावा लागतो, तुकडा पुरेसा मोठा असावा लागतो, दुसऱ्या कोणी तपासण्याची सोय असावी लागते आणि ते काम करणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा लागतो. कापणीच्या पंधरवड्यात एकाच कृषी सहायकावर पेलवणार नाहीत इतके प्रयोग टाकले, तर सुखात्मे-पानसे यांचे सूत्रही त्याला वाचवू शकत नाही.

करोल बागेतून मेट्रो पुसा रोडच्या वरून राजेंद्र प्लेसकडे जाते. त्यातून रोज ये-जा करणाऱ्या कित्येकांचे कार्यालय आता त्यांच्या पिशवीत असते. तेथून जवळच असलेल्या संस्थेच्या दप्तरी मात्र फिरतीच्या कामाचा कितीतरी जुना अनुभव जमा आहे. यंदाही सुगीला कोणीतरी वऱ्हाडातल्या एखाद्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभा राहील, कागदावरचे दोन आकडे वाचील आणि पावले मोजू लागेल. त्याच्या त्या पावलांवर एका अख्ख्या मंडळाचा हिशेब अवलंबून असेल.

#विज्ञानाचा_इतिहास #कृषी_संख्याशास्त्र #पीक_कापणी_प्रयोग