सुट्या भागांतला सिंथेसायझर

विजेच्या मंडलातून स्वर निर्माण करणारा सिंथेसायझर आधी मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत नांदला आणि पुढे हौशी माणसांच्या टेबलावर आला, असा त्याचा इतिहास सहसा सांगितला जातो. वस्तुतः क्रम बराचसा उलटा आहे. रॉबर्ट मूग यांनी आपला पहिला सिंथेसायझर १९६४ मध्ये सिद्ध केला, परंतु त्याच्या दहा वर्षे आधीच, विद्यार्थिदशेत, थेरेमिन (हाताचा स्पर्श न होता केवळ अँटेनापासूनच्या अंतराने स्वर बदलणारे रशियन वाद्य) घरी कसे बांधावे यावर त्यांचा लेख एका अमेरिकी रेडिओ-मासिकात छापून आला होता. १९६१ नंतर ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचे सुमारे १,००० संच त्यांनी सुट्या भागांच्या रूपात विकले आणि कॉर्नेल विद्यापीठातील संशोधनाचा काळ बऱ्याच अंशी याच विक्रीवर काढला.

मूग यांची यंत्रे पुढे एवढी महागली की ती संस्थांनाच परवडू लागली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) १९६९ मध्ये आलेले यंत्र त्यांपैकीच एक. अशा वेळी हौशी लोकांची बाजू राखली ती ओक्लाहोमात जॉन सायमंटन यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘पाया’ या छोट्या कंपनीने, जिचे ‘नोम’सारखे संच गिऱ्हाइकाने स्वतः सोल्डर करून जोडायचे असत. मात्र त्या काळच्या ऑसिलेटरमध्ये, म्हणजे स्वराची मूळ कंपने निर्माण करणाऱ्या मंडलात, एक खोड होती: ट्रान्झिस्टर तापला की त्याचे गुणधर्म बदलत आणि लावलेला स्वर हळूहळू सरकत जाई.

मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे प्रक्रियक आणि स्मृती एकाच चिपमध्ये सामावणाऱ्या छोट्या संगणकाने, ही खोड मोडली, कारण त्याची चाल क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर बांधलेली असते. इटलीतील इव्रेया येथे २००५ मध्ये जन्मलेल्या ‘आर्डुइनो’ पाटीमुळे अशी चिप सर्वांच्या हाती आली. तिच्यावर चालणारी रीत मात्र जुनीच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी अवाढव्य संगणकावर वापरलेली. लहरीच्या एका आवर्तनाचे २५६ आकडे कोष्टकात भरून ठेवायचे आणि ते ठरावीक गतीने वाचत जायचे. सेकंदाला १६,३८४ नमुने बाहेर पडत असतील, तर ४४० हर्ट्‌झच्या स्वरासाठी दर वेळी ६.८७५ घरे पुढे सरकावे लागते. आठ बिटांच्या चिपला अपूर्णांक जड जात असल्याने त्या संख्येला २५६ ने गुणून मिळणारे १,७६० सोळा बिटांच्या मोजणीत मिळवत राहतात आणि वरचे आठ बिट तेवढे कोष्टकातील घर म्हणून वाचतात. मोजणी ६५,५३६ वर पोहोचली की आपोआप शून्यावरून पुढे सुरू होते. एवढ्यासाठी प्रोग्रॅममध्ये एकही ओळ जादा लिहावी लागत नाही, आणि या पद्धतीतली खरी हुशारी याच ठिकाणी आहे. १६ मेगाहर्ट्‌झच्या चिपला दोन नमुन्यांच्या मध्ये साधारण ९७६ ठोके मिळतात. त्यांतच बटणे आणि नॉबही वाचायचे असतात.

मिळालेला आकडा एका पिनेवर अतिवेगाने होणाऱ्या चालू-बंदच्या प्रमाणात उमटतो आणि एक रेझिस्टर व एक कपॅसिटर त्याला सपाट करून लहरीचे रूप देतात. आठ बिटांमुळे उरणारी खरखर पुष्कळांना आवडते, आणि ती आवड केवळ नाइलाजातून आलेली म्हणता येत नाही. तरीही, पॅरिसच्या एमिली जिले यांनी २०१० च्या सुमारास ‘श्रुती-१’ हा संच काढला, तेव्हा स्वर चिपमध्ये गणिताने घडवला, पण त्याचा पोत बदलणारे फिल्टर जुन्या पद्धतीच्या अॅनालॉग मंडलाकडेच ठेवले, आणि ते सोल्डर करण्याचे काम पुन्हा गिऱ्हाइकाकडे गेले.