वीज : परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?



वीज हा धंदा की लोकसेवा, हा वाद वऱ्हाडाला नवा नाही. अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत एके काळी वीज पुरवीत ती खासगी इलेक्ट्रिक सप्लाय कंपन्याच. १९१० च्या कायद्याने परवान्याला तीन कुंपणे घातली होती: ठराविक क्षेत्र, त्या क्षेत्रात पुरवठ्याचे बंधन, आणि मुदतीनंतर तो उद्योग विकत घेण्याचा सार्वजनिक संस्थांचा हक्क. कंपनीने भांडवल घातले, शहर उजळले. तिचे ऋण नाकारू नये. परंतु तारेचा खर्च जेथे भरून निघे तेथेच तार जाई. शेतातली विहीर परवान्याच्या रेषेबाहेर राहिली.

विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, हा प्रश्न १९४३ साली मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धोरण समितीपुढे मांडला. १९४८ च्या कायद्याने राज्य मंडळांची वाट मोकळी केली. कंपन्या मोडल्या नाहीत, पण त्यांच्या नफ्याला मर्यादा घातली. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने पुढची वीजनिर्मिती सरकारकडे सोपविली. त्याच वर्षी वऱ्हाड मुंबई राज्यात आले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक केंद्र उभे राहिले, आणि कालांतराने दोन्ही शहरांचा पुरवठाही मंडळाकडे गेला.

मग शेतापर्यंत तार पोहोचली काय? पोहोचली, पण सर्वत्र सारखी नव्हे. १९८४ च्या दांडेकर समितीला विभागांचा अनुशेष मोजताना ग्रामीण विद्युतीकरणही मोजावे लागले. म्हणजे मालक बदलल्याने न्याय आपोआप होत नाही.

१९९१ नंतर खासगी भांडवलाला पुन्हा दार उघडले. दाभोळच्या करारात वीज न उचलताही मंडळाला स्थिर आकार देणे भाग होते. २००१ मध्ये तो व्यवहार मोडला. २००३ च्या कायद्याने औष्णिक निर्मितीला परवान्याची गरज उरली नाही, आणि २००५ मध्ये मंडळाचेच विभाजन झाले. आपल्या नांदगाव पेठेत २०१३ ते २०१५ या काळात १,३५० मेगावॉटचे खासगी केंद्र सुरू झाले. त्याला पाणी अप्पर वर्धा धरणाचे. ज्या पाण्यावर शेतकऱ्याचे ओलित, त्याच पाण्यासाठी वाद न्यायालयापर्यंत गेला.

तेव्हा पाटीवर नाव कोणाचे, याहून करारात बंधन कोणते, हे आधी पाहावे. जुन्या परवान्याला निदान कुंपण होते. नव्या करारात शेवटच्या विहिरीची व तिच्या पाण्याची जागा कोठे आहे, एवढे विचारण्याचा आपला हक्क आपण सोडता कामा नये.