पुढच्या पिढीचे घरगुती गेम कन्सोल : भिलाईच्या ग्राहकाने तुलना कशाची करावी?

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेम कन्सोलची पुढची पिढी आता फार दूर राहिलेली नाही, असे संकेत या व्यवसायातील तिन्ही प्रमुख कंपन्यांनी २०२५ मध्ये दिले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ बाजारात आणला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने पुढील एक्सबॉक्ससाठी एएमडी या चिप उत्पादक कंपनीशी अनेक वर्षांचा करार केल्याचे सारा बॉंड यांनी जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये सोनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी एएमडीच्या अधिकाऱ्यासमवेत भावी प्लेस्टेशनमध्ये वापरावयाच्या तंत्रज्ञानाची माहिती दिली. या घोषणांमुळे आता जुन्या पिढीचा कन्सोल घ्यावा की थांबावे, हा प्रश्न महानगरांइतकाच भिलाईसारख्या औद्योगिक शहरांतील कुटुंबांपुढेही उभा राहिला आहे.

अशा वेळी प्रसिद्ध होणारी तुलना बहुधा चिपच्या वेगाची असते. भारतातील, त्यातही महानगरांबाहेरील ग्राहकाच्या दृष्टीने मात्र हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. कन्सोल देशात केव्हा येतो, रुपयांत किती पडतो, उन्हाळ्यात टिकतो का आणि त्याचे गेम डिस्कवर मिळतात का, या बाबी येथे अधिक निर्णायक ठरल्या आहेत. गेल्या वीस वर्षांचा अनुभव हेच दर्शवितो.

भिलाईचे उदाहरण घेण्यास कारण आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि तिच्याभोवती सेक्टरांमध्ये विभागलेली वसाहत वाढली. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या शहरात मराठी कुटुंबे पूर्वीपासून स्थायिक आहेत. नियमित पगार, दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येणारा बोनस आणि मुलांच्या शिक्षणाविषयी जागरूकता असलेला हा वर्ग कन्सोलचा संभाव्य ग्राहक आहे. तथापि कंपन्यांची विक्रीची आखणी त्याला नजरेसमोर ठेवून झालेली नसते.

पिढी येथे उशिरा येते

१९९० च्या दशकात भारतातील घरांत पोहोचलेले ‘टीव्ही गेम’ हे प्रामुख्याने निन्टेन्डोच्या आठ बिटी यंत्राच्या नकला होत्या. ‘कॅसेट’ घालावयाची, मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळावयाचे आणि चित्र अडकले की कॅसेट काढून फुंकर मारावयाची, ही त्या काळची सार्वत्रिक पद्धत. परदेशात तोवर सोळा बिटी यंत्रे व त्यापाठोपाठ पहिले प्लेस्टेशनही येऊन गेले होते.

अधिकृत विक्री सुरू झाल्यावरही हे अंतर एकदम मिटले नाही. एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये आला, तर भारतात सप्टेंबर २००६ मध्ये. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ नंतर सुमारे पाच महिन्यांनी, एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपये किमतीस उपलब्ध झाला. प्लेस्टेशन ४ ला जेमतेम दोन महिने लागले. एक्सबॉक्स वनला मात्र दहा. पूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून ओळखला जाणारा ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ २००९ मध्ये निघाला तो प्लेस्टेशन २ साठी. हे यंत्र जपानमध्ये २००० साली आले होते आणि २००९ मध्ये त्याचा वारसदार बाजारात येऊनही दोन वर्षे उलटली होती. भारतातील खरा ग्राहकवर्ग तेव्हाही मागच्या पिढीतच होता, असा याचा अर्थ होतो.

सर्वांत बोलके उदाहरण २०२० मधील आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. एक्सबॉक्स सीरीज एक्स व सीरीज एस हे कन्सोल १० नोव्हेंबरला जगाबरोबरच भारतातही विक्रीस आले. प्लेस्टेशन ५ ची विक्री १२ नोव्हेंबरला काही निवडक देशांत सुरू झाली. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. दिवाळी निघून गेली होती, तरी आगाऊ नोंदणीचा साठा काही मिनिटांत संपला.

जाहीर झालेली माहिती

पुढील पिढीविषयी ठामपणे सांगता येण्याजोगे अद्याप थोडेच आहे. सोनी व एएमडी यांच्या संयुक्त प्रकल्पाचे नाव ‘अमेथिस्ट’ असे असून प्रकाशकिरणांचे गणित स्वतंत्रपणे करणारे ‘रेडिअन्स कोअर’, चित्र सुधारण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आणि स्मृतीतील माहितीचे अधिक प्रभावी संक्षेपण हे त्याचे तीन भाग आहेत. हे तंत्रज्ञान माहिती देतेवेळी केवळ संगणकीय प्रतिकृतीत अस्तित्वात होते आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणण्याचा मानस सर्नी यांनी व्यक्त केला. मायक्रोसॉफ्टने ग्राहकांकडे आधीपासून असलेले गेम नव्या यंत्रावर चालतील, असे आश्वासन दिले. भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने हे आश्वासन कोणत्याही वेगापेक्षा मोलाचे आहे. कारण प्लेस्टेशन ५ चे मोठे गेम आरंभी ४,९९९ रुपयांना विकले जात होते आणि असे दहा गेम घेतले की कन्सोलची किंमत पुन्हा एकदा मोजल्यासारखे होत होते.

निन्टेन्डोचे गणित वेगळे आहे. स्विच २ अमेरिकेत ४४९.९९ डॉलरला आला आणि सप्टेंबर २०२५ अखेर त्याची विक्री एक कोटीवर गेली. भारतात मात्र निन्टेन्डोची यंत्रे मुख्यतः खासगी आयातदारांकडून मिळत आली आहेत. किंमत आयातदार ठरवितो आणि बिघाड झाल्यास कंपनीचे दार ठोठावता येत नाही. यातील विसंगती अशी की, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर आधारित गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम प्रकाशित झाला तो निन्टेन्डो स्विचवर. अन्य कन्सोलवर तो त्यानंतर दोन महिन्यांनी आला.

टेराफ्लॉपचा मोह

एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रिया. या मापाने एक्सबॉक्स सीरीज एक्स १२, प्लेस्टेशन ५ सुमारे १०.२८ आणि सीरीज एस ४ टेराफ्लॉपचा आहे. कागदावर एक्सबॉक्स पुढे होता. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२५ अखेर प्लेस्टेशन ५ ची जागतिक विक्री ८ कोटी ४२ लाखांवर पोहोचली, तर मायक्रोसॉफ्टने विक्री झालेल्या यंत्रांची संख्या जाहीर करणे २०१५ पासूनच थांबविले आहे. त्याआधीच्या काळात निन्टेन्डोचा ‘वी’ हा तिघांत सर्वांत दुबळा कन्सोल असूनही दहा कोटींहून अधिक विकला गेला आणि प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या दोघांच्याही पुढे राहिला.

किंमत उतरण्याचा नियम मोडला

पूर्वी थांबणाऱ्याचा फायदा होत असे. कन्सोल जुना झाला की त्याचे भाव उतरत. चालू पिढीत हे चक्र उलट फिरले. प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांवर गेला. डिस्क नसलेली आवृत्ती ३९,९९० वरून ४४,९९० रुपयांवर गेली. अमेरिकेत एक्सबॉक्स सीरीज एक्स ४९९ डॉलरवरून २०२५ मध्ये दोन टप्प्यांत ६४९.९९ डॉलरपर्यंत वाढला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस स्मृतिचिपांचे भाव चढले आणि नव्या यंत्रांच्या किमतीवर त्याचा भार पडण्याची चिन्हे आहेत.

करांच्या बाबतीत एक दिलासा मात्र मिळालेला आहे. वस्तू व सेवा कर परिषदेने डिसेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ गेम कन्सोलवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला आणि तो १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. आयात शुल्क व रुपयाचा विनिमय दर हे घटक त्यानंतरही राहतातच.

एक लहरपट्टा आणि एक कन्सोल

नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीने अधिक शक्तिशाली प्लेस्टेशन ५ प्रो काही देशांत आणला. भारतात आणला नाही. कारण किंमत वा मागणी हे नव्हते. या यंत्रातील वाय-फाय ७ ची व्यवस्था ६ गिगाहर्ट्झ लहरपट्टा वापरते आणि ज्या देशांत हा पट्टा वाय-फायसाठी खुला नाही तेथे, म्हणजे त्या वेळी भारतातही, हे यंत्र मिळणार नाही, असा खुलासा कंपनीने केला. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा भाग अल्प शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याबाबत मसुदा नियम प्रसिद्ध केले. पुढच्या पिढीच्या यंत्रांत नवे वाय-फाय असणार, हे गृहीत धरल्यास त्यांच्या भारतातील आगमनाचा हा पूर्वसंकेत मानता येईल. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात या बाबीला सहसा एक ओळही मिळत नाही.

उन्हाळ्याची कसोटी

भिलाईत मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नाही. सोनीच्या सूचनापुस्तिकेनुसार प्लेस्टेशन ५ हा ५ ते ३५ अंश तापमानात वापरावयाचा आहे. निन्टेन्डोनेही स्विच २ संदर्भात ऑगस्ट २०२५ मध्ये जपानी ग्राहकांना हीच मर्यादा पाळण्याची सूचना केली होती. शाळांच्या सुट्या आणि यंत्राला न मानवणारे हवामान भिलाईत एकाच वेळी येतात. कूलरच्या खोलीत तापमान उतरते. परंतु हवेतील ओलावा वाढतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

उष्णतेकडे झालेले दुर्लक्ष किती महाग पडते, याचे उदाहरण एक्सबॉक्स ३६० ने घालून दिले. यंत्रावर तीन लाल दिवे लागून ते बंद पडण्याचे प्रकार इतके वाढले की, जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. त्यानंतरच्या कन्सोलचे आकार वाढले, पंखे मोठे झाले. पहिला प्लेस्टेशन ५ तब्बल ३९ सेंटीमीटर उंचीचा होता. टीव्हीखालील बंद कपाटात असे यंत्र ठेवणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय. भिंतीपासून काही बोटे अंतर, मागील जाळीवरील धूळ नियमित काढणे आणि दुपारऐवजी रात्री खेळणे या साध्या उपायांनी यंत्राचे आयुष्य वाढते.

विजेच्या खर्चाची मात्र फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मोठा गेम चालताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॉट वीज घेतो. रोज दोन तास खेळल्यास महिन्याला साधारण १२ युनिट होतात. सीरीज एस याहून बरीच कमी वीज घेतो व कमी तापतो. कमी शक्तीचा हाच लाभ.

डिस्क राहणार की जाणार?

मध्यमवर्गीय घरात कन्सोल परवडण्याचे एक कारण डिस्क हे आहे. ती मित्राला देता येते, बदलून घेता येते, वापरून झाल्यावर विकताही येते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर वापरलेल्या गेमच्या देवघेवीस मर्यादा घालण्याचे ठरविले होते. ग्राहकांच्या रोषामुळे जून महिन्यात तो बेत मागे घ्यावा लागला. जे तेव्हा नियमाने साधले नाही, ते नंतर यंत्राच्या रचनेने साधू लागले. सीरीज एसमध्ये डिस्कची सोयच नाही. प्लेस्टेशन ५ च्या २०२३ मधील बारीक आवृत्तीत डिस्कचा भाग काढता-घालता येणारा झाला आणि प्रोमध्ये तो स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो. स्विच २ च्या काही गेम-कार्डांत गेम नसतोच, तो उतरवून घेण्याची केवळ किल्ली असते.

डिस्क नसेल तर सारा भार इंटरनेटवर पडतो. १०० गिगाबाइटचा एक गेम १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर सव्वादोन तासांत उतरतो. ३० मेगाबिट वेगावर त्यालाच साडेसात तासांच्या आसपास लागतात. त्यातच मासिक मर्यादा ओलांडल्यावर वेग घटविणारी योजना घेतलेली असल्यास एक-दोन गेममध्येच महिन्याचा कोटा संपू शकतो. म्हणून पुढील कन्सोलची घोषणा होईल तेव्हा डिस्कचा भाग आत आहे, वेगळा आहे की मुळीच नाही, हे प्रथम पाहावे. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ४ च्या डिस्क साठलेल्या आहेत, त्यांना डिस्क घेणारा प्लेस्टेशन ५ त्या बहुतेक सर्व चालवून देतो. डिस्क नसलेली स्वस्त आवृत्ती घेतल्यास त्या निरुपयोगी ठरतात. किमतीतील फरकाचा हिशेब घरातील कपाट उघडून, असलेल्या डिस्क मोजून मगच करावा.

बोनसच्या भरवशावर खरेदीची आखणी करणाऱ्यांसाठी आणखी एक तपशील. कंपन्या नवे कन्सोल बहुधा नोव्हेंबरमध्ये, पाश्चात्त्य देशांतील नाताळची खरेदी समोर ठेवून आणतात. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आणि २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला आहे.