काचेचा मंडप आणि तळघरातील चित्रे

बर्लिनच्या ‘नॉय नॅशनलगॅलरी’त २०२२ साली प्रथम पाऊल ठेवले तेव्हा आम्हांला एकही चित्र दिसले नाही. उंच जोत्यावर काचेचा विशाल मंडप. वर काळे पोलादी छत, सुमारे ६५ मीटर लांब आणि तितकेच रुंद. ते तोलणारे खांब अवघे आठ, तेही काचेबाहेर, आणि कोपऱ्यांत एकही नाही. त्या दिवसांत तिथे बार्बरा क्रूगर यांचे प्रदर्शन होते: जमीनभर पसरलेली प्रचंड अक्षरे. भिंतीच नसल्यावर दुसरे काय करणार, असेही मनात आले. कायमचा संग्रह पाहायचा तर जिना उतरून तळघरात जावे लागते.

वास्तुकार मीस फान डेर रोह यांनी हा आकार मुळात चित्रांसाठी कल्पिलेलाच नव्हता. क्यूबातील सांतियागो येथे एका मद्यकंपनीच्या कचेरीसाठी त्यांनी १९५०च्या दशकात असाच आराखडा केला होता, काँक्रीटमधला. क्रांतीमुळे तो कागदावरच राहिला आणि पुढे पोलादाचे रूप घेऊन बर्लिनमध्ये अवतरला. आशयाआधीच आकृतिबंध सिद्ध असल्याचे याहून ढळढळीत उदाहरण आमच्या तरी माहितीत नाही. १९६८च्या उद्घाटनाच्या प्रदर्शनात मोंद्रियानची चित्रे छतापासून टांगलेल्या फलकांवर लावावी लागली. मीस त्या समारंभाला आजारपणामुळे येऊ शकले नाहीत. आदल्या वर्षी छत जॅकने उचलले गेले तेव्हा मात्र एक्याऐंशी वर्षांचे मीस ते पाहायला जातीने हजर होते.

या वास्तूच्या रिकामेपणाला ‘शुद्ध’ म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांला ती पटत नाही. हा परिसर एके काळी घरांनी गजबजलेला होता. श्पेअरच्या नव्या राजधानीच्या योजनेसाठी तेथे पाडापाडी सुरू झाली. उरलेले काम बाँबवर्षावाने केले. श्ट्यूलरने बांधलेले सेंट मॅथ्यूचे चर्च तेवढे मागे राहिले. संग्रहाचेही तेच. लुडविग युस्टी यांनी १९१९ साली युवराजांच्या जुन्या प्रासादात उभ्या केलेल्या आधुनिक दालनातील शेकडो कलाकृती १९३७ साली ‘अधःपतित’ ठरवून जप्त झाल्या. युद्धानंतर शहर दुभंगले, तो प्रासाद पूर्वेकडे गेला, आणि पश्चिम बर्लिनला नवे घर बांधावे लागले.

मीस यांना केवळ बळी मानणेही सोपे नाही. बाउहाउसचे ते अखेरचे संचालक. नाझी दडपणाखाली ती संस्था १९३३ साली बंद झाली, हे खरे. परंतु १९३४ साली हिटलरच्या समर्थनार्थ निघालेल्या कलावंतांच्या आवाहनावर त्यांचीही सही आहे. ते अमेरिकेला गेले १९३८ साली. वर्गात आधुनिकतावाद शिकवताना आपण हा मधला काळ सहसा ओलांडून जातो. आम्हीही गेलो आहोत.

२०२१ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात चिपरफील्ड यांच्या कार्यालयाने सुमारे ३५ हजार भाग सोडवून, दुरुस्त करून पुन्हा जागच्या जागी बसवले. इतका काटेकोरपणा आमच्याकडे जुन्या पोथ्यांच्याही वाट्याला क्वचितच येतो. असो.

तळघरात किर्शनरचे ‘पोट्सडामर प्लाट्झ’ पाहिले, १९१४चे. हिरवट रस्ता, मधल्या गोल बेटावर उभ्या दोन स्त्रिया. एकीने विधवेचा काळा पोशाख केलेला. तो चौक येथून चालत काही मिनिटांवर. १९६१ नंतर त्याच्यामधूनच भिंत गेली होती. जिना चढून आम्ही वर आलो. काचेपलीकडे चर्चचा मनोरा दिसत होता, आणि त्याच्या भोवती घर असे एकही नव्हते.