‘नाश्ता करता का?’ : प्रश्नावलीतल्या एका रकान्याचा इतिहास

किशोरवयीन मुलांच्या सवयींवर सिनॉप्सिस लिहायला घेतलात की एक रकाना जवळजवळ आपोआप येऊन बसतो. ‘तुम्ही रोज सकाळी नाश्ता करता का? नेहमी / कधीकधी / कधीच नाही.’ वर झोपेचा प्रश्न, खाली व्यायामाचा, मग तंबाखू, मग मोबाइल. सगळ्यांचे गुण मिळवले की ‘निरोगी जीवनशैली’चा स्कोअर तयार. हा रकाना आपण कुणाच्या तरी प्रबंधातून घेतो, त्यानं आणखी कुणाच्या प्रबंधातून घेतलेला असतो. साखळीचं पहिलं टोक फारसं कुणी शोधत नाही. ते शोधायला गेलं की लक्षात येतं, हा प्रश्न जिथे जन्मला तिथेच त्याच्याबद्दल दोन मतं होती, आणि आपल्याकडे त्यातलं एकच पोचलं.

शाळकरी मुलाच्या सकाळच्या खाण्याकडे वैद्यकीय नजरेनं बघायला सुरुवात झाली त्यातलं एक ठळक ठिकाण म्हणजे नॉर्वेमधलं ऑस्लो. तिथले शाळांचे डॉक्टर कार्ल शोट्झ यांचं म्हणणं असं, की शाळेत दुपारी शिजवून दिलं जाणारं गरम जेवण मुलांच्या फार उपयोगाचं नाही. त्याऐवजी सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आधी, चुलीशिवायचं खाणं द्या : कोंड्यासकट पिठाचा पाव, चीज, दूध, एखादं फळ किंवा कच्चं गाजर, आणि हिवाळ्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल. १९३० च्या दशकात हा ‘ऑस्लो ब्रेकफास्ट’ युरोपभर गाजला. इथे एक गोष्ट नीट बघा. नाश्ता देण्याची जबाबदारी शाळेची होती. मूल तो ‘करतं की बुडवतं’ हा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या रस्त्यानं गेली. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला केलॉग बंधूंनी धान्याचे फ्लेक्स काढले, १९०६ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत ‘सकाळचं खाणं सगळ्यात महत्त्वाचं’ हे वाक्य आहारशास्त्राइतकंच जाहिरातींतूनही पसरलं. मग आले आयोवा विद्यापीठातले नाश्त्यावरचे प्रयोग. १९४९ पासून दहा-बारा वर्षं ते चालले. नाश्ता केला तर आणि नाही केला तर माणूस किती काम करतो, त्याची प्रतिक्रिया किती जलद असते, हे मोजलं गेलं. शाळकरी मुलांवरही एक प्रयोग झाला, पण मुलं अगदी मोजकी. या कामाला पैसा मिळाला तो नाश्त्याची धान्यं विकणाऱ्या कंपन्यांच्या ‘सीरिअल इन्स्टिट्यूट’ या संस्थेकडून. म्हणून ते निष्कर्ष खोटे ठरतात असं मी म्हणणार नाही. पण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आयोवाचा हवाला देताना पैसा कुणाचा होता हे एका ओळीत लिहायला काय हरकत आहे?

आता मुख्य टोक. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ मध्ये ६,९२८ प्रौढांना त्यांच्या सवयी विचारल्या गेल्या. १९७२ मध्ये नेडरा बेलॉक आणि लेस्टर ब्रेस्लो यांनी त्यावरचा प्रसिद्ध निबंध छापला. सात सवयी : सात-आठ तास झोप, बहुतेक रोज नाश्ता, दोन जेवणांच्या मध्ये न खाणं, वजन आटोक्यात, नियमित हालचाल, दारू बेताची किंवा अजिबात नाही, आणि सिगारेट कधीच नाही. पाठपुराव्यात दिसलं की यातल्या सहा-सात सवयी असलेला ४५ वर्षांचा पुरुष, चारपेक्षा कमी सवयी असलेल्यापेक्षा सुमारे ११ वर्षं जास्त जगण्याची शक्यता होती. हा आकडा इतका जबरदस्त होता की ‘जीवनशैली’ हा शब्द सार्वजनिक आरोग्यात कायमचा रुजला. तुमच्या प्रश्नावलीतला तो एकत्र स्कोअर याच घराण्यातला.

पण पुढचं फार कमी लोक वाचतात. त्याच अलामेडाच्या माहितीचं १९८० च्या सुमारास पुन्हा विश्लेषण झालं, तेव्हा सातपैकी दोन सवयींचा पुढच्या आरोग्याशी संबंध कमजोर निघाला आणि त्या यादीतून वगळल्या गेल्या. एक मधल्या वेळचं खाणं आणि दुसरी नाश्ता! म्हणजे ज्या अभ्यासानं नाश्त्याला ‘निरोगी सवय’ हे बिरुद दिलं, त्याच अभ्यासानं ते काढूनही घेतलं. जगभरच्या प्रश्नावल्यांनी मात्र पहिली यादी जपून ठेवली.

दुसरं मत याच काउंटीतलं आहे, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. अलामेडा काउंटीचं मुख्य ठिकाण ओकलंड. तिथे जानेवारी १९६९ मध्ये ब्लॅक पँथर पक्षानं एका चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता ते लोण अनेक शहरांत गेलं. त्यांचा मुद्दा सरळ होता : उपाशी पोरगं वर्गात शिकणार कसं? सरकारचा शालेय नाश्त्याचा कार्यक्रम १९६६ पासून प्रायोगिक स्वरूपात चालू होता, तो १९७५ मध्ये कायम झाला. एकाच काउंटीत, एकाच दशकात, नाश्ता एकीकडे माणसाची वैयक्तिक ‘सवय’ म्हणून मोजला जात होता आणि दुसरीकडे समाजानं मुलाला द्यायची गोष्ट म्हणून ताटात वाढला जात होता. आपल्या प्रश्नावलीत आला तो पहिला.

१९७२ हे साल मराठवाड्यात कुणालाही सांगावं लागत नाही. बेलॉक-ब्रेस्लोंचा निबंध छापून आला त्याच वर्षी आपल्याकडे दुष्काळ होता. महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. त्यात तुमच्या-माझ्या आजी-आजोबांच्या वयाची, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असलेली पोरंही होती. अमेरिकेतून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, हे दोन शब्द घरातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसासमोर काढून बघा. त्या पोरांना ‘नाश्ता नेहमी / कधीकधी / कधीच नाही’ असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, पण ते सवयीबद्दल नसतं.

आणि ‘नाश्ता’ हा शब्द तरी आपल्याकडे एकाच गोष्टीचं नाव आहे का? शेतकरी घरात शब्द न्याहारी. माणूस उजाडायच्या आत शेतात जायचा, तास-दोन तास काम झालं की घरून भाकरी, ठेचा, कांदा यायचा. म्हणजे न्याहारी उठल्याबरोबर नव्हती, पहिल्या कामानंतर होती, बरीचशी नऊ-दहाच्या पुढे. रात्रीची जवारीची भाकर ताकात कुस्करून किंवा फोडणी देऊन खाल्ली तर ती न्याहारी, पण आजची शाळकरी पोरगी तिला ‘नाश्ता’ म्हणेलच असं नाही. मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला सुशीला मात्र नाश्ता. याच शहरात शहागंज-सिटी चौकाकडे पहाटेची नहारी मिळते. तो शब्दही आपल्या न्याहारीचा जवळचा नातेवाईक आहे.

त्यात चहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला सामान्य माणूस सकाळी चहा पीत नव्हता. १९०३ च्या चहा-उपकराच्या पैशातून आणि विशेषतः १९३० च्या दशकात गावोगाव, घरोघर प्रात्यक्षिकं करून चहा आपल्या तोंडी बसवला गेला. आज मुलांची सकाळ अनेकदा चहा आणि खारी, टोस्ट किंवा दोन बिस्किटं. हा नाश्ता झाला की नाही? युरोपातल्या शाळकरी मुलांच्या ‘एचबीएससी’ सर्वेक्षणात (११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना १९८० च्या दशकापासून विचारलं जातं) नाश्ता म्हणजे एक ग्लास दूध किंवा फळाचा रस यापेक्षा जास्त काहीतरी, अशी व्याख्या प्रश्नातच दिलेली असते. शाळेचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे विचारतात. आपण प्रश्न उचलतो, व्याख्या तिथेच ठेवून येतो. मग चहा-बिस्किटवाला एक मुलगा ‘नेहमी’वर खूण करतो, दुसरा ‘कधीच नाही’वर, आणि आपण त्या दोघांमध्ये काय-स्क्वेअर काढत बसतो.

चहाचा प्रश्न नुसता शब्दाचा नाही. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी २८ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. म्हणून शाळांत सहावी ते बारावीला आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी द्यायची योजना आहे. ती रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून खाल्ल्यानंतर द्यायची. सहावी ते आठवीला हे जमतं, कारण शाळेत दुपारचा शिजवलेला आहार आहे. नववीपासून तो आहार बंद. गोळी चालूच. सकाळच्या शाळेला न खाता आलेल्या नववीतल्या मुलीनं ती कशी घ्यायची?

शासनाची नजरही वयानुसार कमी-जास्त पडत आली आहे. कुपोषणावरचं राजमाता जिजाऊ मिशन २००५ मध्ये याच शहरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून, सुरू झालं. त्याचा रोख सहा वर्षांखालच्या, त्यातही अगदी तान्ह्या मुलांवर होता आणि ते योग्यच होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळेत सकाळी साधा पौष्टिक नाश्ता द्यावा असं आहे. तमिळनाडूनं सप्टेंबर २०२२ मध्ये तो प्रत्यक्ष सुरू केला, पण पहिली ते पाचवीसाठी. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आधी वर्ग भरवू नका असं सांगितलं, तेही चौथीपर्यंत. झोपेचं शास्त्र तर उलटं बोलतं : वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा लागते, म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्याच शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असा सल्ला दिला. आपल्याकडे सातच्या शाळेआधी सहाची शिकवणी असलेला दहावीतला मुलगा या सगळ्यातून निसटतो. सकाळी उस्मानपुऱ्यात किंवा औरंगपुऱ्यात क्लासबाहेर लागलेल्या सायकली बघितल्यात? त्या मुलांची सकाळ ‘सवय’ या शब्दात मावते असं मला वाटत नाही.

मग नाश्त्याचा काही फायदाच नाही का? तसंही नाही. फक्त कुणासाठी आणि कशासाठी ते बघा. नाश्ता बुडवणारे जाड होतात हे निरीक्षणात्मक अभ्यासांत वारंवार दिसतं. पण ‘बीएमजे’ मध्ये २०१९ साली १३ नियंत्रित प्रयोगांचं एकत्र विश्लेषण आलं, त्यात नाश्ता करणाऱ्यांनी दिवसाला सुमारे २६० कॅलरी जास्तच खाल्ल्या आणि वजन उतरण्याशी नाश्त्याचा संबंध दिसला नाही. हे प्रयोग श्रीमंत देशांतल्या प्रौढांवरचे, आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नका. याउलट जमैकाच्या ग्रामीण शाळांतला १९९८ मध्ये छापलेला प्रयोग वाचा. १६ शाळा, ८१४ मुलं, निम्मी कमी वजनाची. एका गटाला वर्षभर नाश्ता. दुसऱ्या गटाला पाव संत्रं, आणि शिक्षकांचं लक्ष मात्र तितकंच. नाश्त्याच्या गटात हजेरी आणि वजन थोडं वाढलं, लहान मुलांचं गणितही सुधारलं. तुलनेच्या गटाला पाव संत्रं का दिलं, याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं की संशोधन पद्धतीचा अर्धा पेपर झाला समजा.

म्हणून तुम्ही खरंच या विषयावर काम करणार असाल तर तो तीन पर्यायांचा रकाना काढून टाका. त्याऐवजी कालची सकाळ विचारा. काल किती वाजता उठलास? घरातून किती वाजता निघालास? पहिल्यांदा काही खाल्लंस ते किती वाजता, काय, कुठे, कुणी केलेलं? पोटात नुसता चहा होता का? काल उपवास किंवा रोजा होता का? (हा प्रश्न विसरलात आणि सर्वेक्षण श्रावणात किंवा रमजानमध्ये पडलं, तर आकडेवारीत अख्खं शहर नाश्ता बुडवताना दिसेल. शिवाय उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊनही मूल ‘काही खाल्लं नाही’ असं लिहितं.) शाळेची वेळ, शिकवणीची वेळ आणि शाळेत आहार मिळतो का, हे मुलाला विचारायचं नाही. ते शाळेकडून घ्या आणि वेगळ्या पातळीवरचे घटक म्हणून विश्लेषणात ठेवा.

पायलट घेताना आठवी आणि नववी शेजारी शेजारी ठेवून बघा. शाळा तीच, शहर तेच, वयात एका वर्षाचा फरक. एकीला दुपारचा आहार आहे, दुसरीला नाही. गाईड विचारतील, सॅम्पल एवढंसं का? तेव्हा हीच तुलना दाखवा.