कादंबरी, पद आणि पडदा : 'कुंकू'पर्यंतचा मराठी बोलपट

मराठी बोलपट 1932 साली जन्माला आला तेव्हा त्याच्या हाती दोन वारसे तयार होते, आणि ते दोन्ही त्याने स्वतः कमावलेले नव्हते. एक होता संगीत रंगभूमीचा, म्हणजे संवादांच्या जोडीने पदे गाऊन कथा पुढे नेणाऱ्या नाटकाचा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे 1880 पासून, हे नाटक मराठी मध्यमवर्गाच्या करमणुकीचे आणि अभिरुचीचे मुख्य केंद्र झाले होते. दुसरा वारसा होता मासिकांतून क्रमशः छापल्या जाणाऱ्या आणि घरोघरी वाचल्या जाणाऱ्या कादंबरीचा, जिने वाचकाला माणसाच्या मनात डोकावण्याची सवय लावली होती. या दोहोंचा स्वभाव एकमेकांशी सहजी जुळणारा नव्हता, कारण नाट्यपद प्रसंगाला थांबवून त्यातला भाव विस्ताराने आळवते, तर कादंबरी प्रसंगाच्या ओघातच पात्राचे अंतरंग उलगडत नेते. मराठी चित्रपटसंगीताच्या पहिल्या काही वर्षांचा इतिहास हा या दोन प्रवृत्तींच्या ओढाताणीचा इतिहास आहे, आणि त्या ओढाताणीतून 'प्रभात'च्या 'कुंकू'ने 1937 साली जी वाट काढली तिचे श्रेय जितके दिग्दर्शकाला आणि संगीतकाराला, तितकेच मूळ कादंबरीलाही द्यावे लागते.

कादंबरीचा पडद्याशी संबंध बोलपटाच्याही आधीचा आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1923 साली 'सिंहगड' हा मूकपट काढला तो हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या ऐतिहासिक कादंबरीवरून, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी आलेला 'सावकारी पाश' नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून. नावांच्या उलटसुलट साम्यामुळे या दोन लेखकांची गल्लत अनेकदा होते. पहिले 'करमणूक' पत्राचे संपादक आणि मराठी सामाजिक कादंबरीचे प्रवर्तक, तर दुसरे त्यांच्यानंतरच्या पिढीतील, सातारा जिल्ह्यातील कोरेगावी राहून लिहिणारे लोकप्रिय कादंबरीकार. 'सावकारी पाश'मध्ये सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहराकडे लोटला जातो आणि गिरणीत मजुरी करू लागतो. पौराणिक चमत्कारांनी भरलेल्या त्या काळच्या पडद्यावर असा विषय आणण्याचे धैर्य पेंटरांना झाले, कारण असे विषय कादंबरीने वाचकांच्या परिचयाचे करून ठेवले होते. या चित्रपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका करणारे व्ही. शांताराम पुढे बारा वर्षांनी त्याच लेखकाकडे 'कुंकू'च्या कथेसाठी वळले, हा योगायोग मानता येत नाही.

शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे पेंटरांच्या कंपनीतून बाहेर पडलेले चौघे आणि भांडवल पुरवणारे सीतारामपंत कुलकर्णी यांनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' याच कंपनीने 1932 साली काढला, आणि त्यावर रंगभूमीची छाया किती दाट होती हे एका गोष्टीवरून कळते : हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत या दोन्ही गोष्टी गोविंदराव टेंबे यांच्याकडे होत्या, म्हणजे 1911 साली 'मानापमान' नाटकाच्या चाली बांधणाऱ्या, स्वतः हार्मोनिअमवादक आणि गायक नट असलेल्या व्यक्तीकडे. त्या वेळी पार्श्वगायनाची, म्हणजे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणात नटाने केवळ ओठ हलवण्याची, पद्धत रूढ नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रत्यक्ष गात असे आणि वादक चौकटीबाहेर, दिसणार नाहीत अशा बेताने, साथ करत. अशा व्यवस्थेत गाणाऱ्या नटाला फार हलता येत नसे, कॅमेराही जागचा ढळत नसे, आणि पडद्यावर जे उमटे ते बहुतांशी रंगमंचावरच्या पदाचेच चित्र असे.

या छायेची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दिसली ती 1935 सालच्या 'धर्मात्मा'त. कंपनी पुण्यात येऊन दोन वर्षे झाली होती, आणि संगीत रंगभूमीचे सर्वोच्च नाव असलेले बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले होते. संगीत मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे होते. ते भास्करबुवा बखले यांचे शिष्य आणि गंधर्व नाटक मंडळीचे संगीतकार. चित्रपटाचा विषय धीट होता, कारण तो अस्पृश्यतेच्या प्रश्नाला हात घालत होता. मूळचे 'महात्मा' हे नाव परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलावे लागले यातूनही त्याची धार लक्षात येते. तरीही आयुष्यभर स्त्रीभूमिकांतून रसिकांच्या मनावर राज्य केलेल्या या महान गायकाची कला कॅमेऱ्याच्या जवळिकीत फुलली नाही. रंगमंचावर त्यांचे पद प्रेक्षकांच्या दादेवर वाढत जात असे, 'वन्स मोअर'ने पुन्हा जन्म घेत असे, आणि एका जागेचे दहा अर्थ दाखवत असे. पडद्यावर मात्र गाण्याची लांबी आधीच ठरलेली होती आणि दाद देणारा समोर नव्हता. गाणे तेच राहिले आणि घर बदलले, तर गाण्याचा प्राण जातो, हे 'धर्मात्मा'ने सिद्ध केले.

पालटाची तयारी मात्र रंगभूमीवरच झाली होती, आणि चित्रपटाचा इतिहास लिहिताना तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. 1 जुलै 1933 रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते रचले होते. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणे, नेपथ्य खऱ्या घरासारखे असणे आणि पदे मोजकीच ठेवून ती प्रसंगातून नैसर्गिकपणे उगवणे, ही या प्रयोगाची वैशिष्ट्ये होती. त्याचे संगीत केशवराव भोळे यांचे होते. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून संगीताकडे आलेले भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर चिकित्सक लेख लिहीत, आणि गाण्यातील शब्द आणि स्वर यांचे नाते काय असावे याचा विचार त्यांच्याइतक्या चिकाटीने करणारा संगीतकार त्या पिढीत दुसरा नव्हता. ज्याला पुढे भावगीत म्हटले जाऊ लागले, त्या एका भावावर केंद्रित, आलाप-तानांचा विस्तार टाळणाऱ्या छोट्या गीतप्रकाराशी त्यांची रचना जवळचे नाते सांगते. नाट्यमन्वंतरातून भोळे 'प्रभात'मध्ये आले, नट केशवराव दाते आले, के. नारायण काळे आले. रंगभूमीवर अल्पायुषी ठरलेली ती सुधारणा अशा रीतीने चित्रपटात रुजली.

भोळ्यांनी 'प्रभात'साठी संगीत दिलेला 'अमृतमंथन' 1934 साली प्रदर्शित झाला, आणि त्याची कथाही नारायण हरि आपटे यांच्याच 'भाग्यश्री' या कादंबरीवरून घेतली होती. यातील गीतांसाठी शांताराम आठवले हा तरुण कवी पुढे आला. शब्द लिहिणारा, चाल बांधणारा आणि चित्रण करणारा यांनी एकत्र बसून गाण्याची जागा ठरवायची, ही पद्धत येथून दृढ होत गेली. तिचे फळ 1936 सालच्या 'संत तुकाराम'मध्ये असे आले की आठवल्यांनी नव्याने लिहिलेला एक अभंग लोकांनी खुद्द तुकोबांचाच मानला. विष्णुपंत पागनीस यांच्या भजनात गवयाची कसरत नव्हती, तर भंडारा डोंगरावर एकटा बसलेला माणूस स्वतःशी गुणगुणतो तशी सहजता होती. मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चाललेला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला संगीताच्या नव्या चवीची ओळख करून देऊन गेला. परंतु संतचरित्रात गाणे येणे स्वाभाविकच असते. संत गातो हे सर्वांना मान्य आहे. मध्यमवर्गीय घरातली विवाहित स्त्री का गाईल आणि कशी गाईल, हा खरा अवघड प्रश्न होता, आणि तो 'कुंकू'ने सोडवला.

'कुंकू'चा आधार असलेल्या कादंबरीचे नाव 'न पटणारी गोष्ट'. पटकथाही आपटे यांनीच लिहिली. मामाच्या लोभामुळे पोरकी नीरा काकासाहेब या वयस्कर विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. ती हे लग्न मानण्यास ठाम नकार देते, पण घर सोडून पळत नाही, त्याच घरात राहून आपला नकार जगते. आणि शेवटी काकासाहेबांना स्वतःच्या अन्यायाची जाणीव होऊन ते जीवन संपवतात. या विषयाला रंगभूमीवर मोठी परंपरा होती. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 1899 सालच्या 'शारदा' नाटकात म्हाताऱ्या वराशी ठरलेले लग्न, वधूवर एकाच गोत्राचे असल्याचे उघड झाल्यामुळे, ऐन वेळी मोडते, आणि तोपर्यंत शारदा आपले दुःख पदांतून सांगत राहते. प्रेक्षक तिच्यासाठी रडले आणि त्या रडण्याने समाजात विचारही जागा झाला, हे देवलांचे मोठेपण वादातीत आहे. पण शारदेची सुटका शास्त्राच्या नियमाने होते. नीरेचे लग्न मोडत नाही, ते लागते, आणि गोष्ट तेथून सुरू होते. तिला वाचवायला शास्त्र नाही, शारदेची बाजू घेणाऱ्या तरुण कोदंडासारखा कोणी नाही. आहे ती फक्त तिची स्वतःची समजूत, आणि दुःखाला पदात ओतून मोकळे होण्याची सोयही तिला नाही, कारण जी स्त्री नकार देते तिने करुण आळवणी केली तर नकारच विरघळून जाईल.

हे कादंबरीने घातलेले बंधन शांताराम आणि भोळे यांनी पूर्ण गांभीर्याने घेतले. त्यांनी 'कुंकू'मधून पार्श्वसंगीत, म्हणजे प्रसंगाचा भाव प्रेक्षकाच्या मनावर ठसवण्यासाठी दृश्याबाहेरून वाजवले जाणारे वाद्यसंगीत, पूर्णपणे काढून टाकले. जे ऐकू येते ते त्या घरातले किंवा रस्त्यावरचे असते : भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके, दारांचे आवाज, पावलांची चाहूल. तिशीच्या दशकात, जेव्हा ध्वनीचे नवल ओसरलेले नव्हते आणि प्रत्येक निर्माता आपल्या चित्रपटातील गाण्यांची संख्या जाहिरातीत मिरवत असे, तेव्हा ही शांतता स्वीकारणे हे भारतीय चित्रपटातील सर्वांत धाडसी संगीतविषयक निर्णयांपैकी एक होते. संगीतकाराने स्वतःच्या कलेचा एवढा मोठा भाग कथेसाठी सोडून द्यावा, यात भोळ्यांची खरी योग्यता दिसते.

गाणी मात्र आहेत, आणि प्रत्येकाला गाण्याचे कारण आहे. रस्त्याने जाणारा भिकारी मास्टर परशुराम यांच्या आवाजात ग्रामीण बोलीतले एक गाणे म्हणतो, मनाच्या शुद्धतेवर भर देणारे ते शब्द नीरेच्या कानांवर पडतात, आणि जे सांत्वन तिला घरात कोणी देत नाही ते बाहेरून येते. रस्त्यावरचे गाणेच येथे पार्श्वसंगीताची जागा घेते. शिकलेली नीरा अमेरिकन कवी लाँगफेलो यांची 'अ साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविता गाते, तेव्हा पुण्या-मुंबईच्या शाळांतून शिकलेल्या मुलींच्या पिढीला जगण्याचे बळ कोठून मिळत होते याची साक्ष मिळते. नीरेचे काम करणाऱ्या शांता आपटे यांचा आवाज या भूमिकेसाठी अगदी योग्य होता. त्यांच्या गाण्याला शास्त्रीय शिक्षणाची बैठक होती, पण त्या शब्द ठणकावून म्हणत, आणि गाताना चेहरा व हात मोकळेपणाने हलवत. रंगभूमीच्या गायकासारखे त्या गाण्यासाठी थांबत नसत, त्या गाण्यातून बोलत. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते यांनी खलनायक टाळून एक गोंधळलेला, हळूहळू लाज वाटू लागलेला म्हातारा उभा केला, आणि काकासाहेबांच्या सुधारक विचारांच्या मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले, ज्या प्रत्यक्ष जीवनातही र. धों. कर्वे यांच्या संततिनियमनाच्या कार्यात सहभागी होत्या. पडदा आणि समाज यांच्यातील अंतर या एका निवडीने फार कमी झाले.

'कुंकू'ची वाट सर्वांनी धरली असे नाही. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी वि. स. खांडेकर यांच्यासारखा कादंबरीकार थेट पडद्यासाठी लिहू लागला ('छाया', 1936), पण तेथे साहित्यिक संवादांचे वजन संगीतापेक्षा अधिक राहिले. 'प्रभात'मध्येच 1939 सालच्या 'माणूस'मध्ये मास्तर कृष्णरावांनी, म्हणजे 'धर्मात्मा'च्याच संगीतकाराने, शांता हुबळीकर यांच्यासाठी अनेक भाषांतल्या कडव्यांचे गाणे बांधले, आणि ते कोठ्यावरच्या स्त्रीचे रोजचे काम म्हणूनच कथेत आले. चार वर्षांत त्यांच्या दृष्टीत पडलेला हा फरक बोलका आहे. शांताराम 1942 साली कंपनीतून बाहेर पडले, दामले 1945 साली वारले, आणि 1953 साली 'प्रभात' बंद झाली. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' आला. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावरच्या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याचे संगीतकार वसंत देसाई हे 'प्रभात'मध्ये लहानमोठी कामे करत घडलेले होते. कोकणातल्या गरीब घरातले गाणे कोकणातल्या घरासारखेच ऐकू यावे, ही त्यांची दृष्टी त्या जुन्या शाळेतलीच होती.

पुण्यात ज्या जागेवर 'कुंकू' चित्रित झाला तेथे 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे, आणि 8 जानेवारी 2003 रोजी त्याच आवारात लागलेल्या आगीत 'प्रभात'च्या चित्रपटांच्या जुन्या नायट्रेट प्रती जळून गेल्या. म्हणून चित्रपटाइतकेच महत्त्व आता त्याच्या कर्त्यांनी लिहून ठेवलेल्या शब्दांना आले आहे. भोळे यांचे 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' आणि शांताराम आठवले यांचे 'प्रभातकाल' ही दोन पुस्तके मराठी वाचकाने मिळवावीत, नारायण हरि आपटे यांची कादंबरी शोधून वाचावी, आणि मग 'कुंकू' पुन्हा, कान देऊन, पाहावा.